श्वासनलिकेतली गाठ साधी निघाली, मग लग्न होईपर्यंत थांबलं तर चालेल का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि सोबतचे रिपोर्टही नीट पाहिले. बाकी वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. आई ४८ वर्षांची, राहणार भंडाऱ्याकडे. दोन वर्षांपासून दम्याचं औषध चालू आहे, पंप आहे, दम वाढला की स्टेरॉइडच्या गोळ्या, मध्ये एकदा थुंकीतून रक्त पडलं म्हणून सहा महिने टीबीच्या गोळ्याही खाऊन झाल्या. फरक काहीच नाही. शेवटी नागपुरात छातीचा सीटी झाला तर श्वासनलिकेच्या खालच्या भागात, मागच्या भिंतीला १८ मिलिमीटरची गाठ, आणि हवेला जायला उरलेली वाट ६ मिलिमीटर. दुर्बिणीतून तुकडा घेतला, रिपोर्ट आला ग्लोमस ट्यूमर, बिनाइन. एक डॉक्टर म्हणतात दुर्बिणीतूनच जाळून काढू, दुसरे म्हणतात छाती उघडून नळीचा तेवढा भाग कापून पुन्हा जोडावा लागेल. आणि घरचे म्हणतात की गाठ साधी आहे ना, मग मे महिन्यात बहिणीचं लग्न आहे ते आटोपू द्या.

तुम्ही विचारलं ते दुर्बीण का ऑपरेशन एवढंच. पण माझ्या मते तो प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न त्या ६ मिलिमीटरचा आहे, आणि त्याचं उत्तर सरळ आहे, लग्नापर्यंत थांबू नका. वाट आधी मोकळी करून घ्या, कायमचं काय करायचं ते त्यानंतर शांतपणे ठरवता येतं. असं का म्हणतो ते आता सविस्तर सांगतो.

मी नागपुरात छातीचा सर्जन आहे, बावीस वर्षं झाली. श्वासनलिकेच्या गाठी मुळातच कमी, त्यातही ग्लोमस ट्यूमर माझ्या हाताखालून दोनच गेले. पण नळी आखडलेले, नळीत दुसऱ्या कुठल्या गाठी झालेले, आयसीयूत बरेच दिवस नळी राहिल्यामुळे आत वळ पडून वाट बारीक झालेले असे पेशंट बरेच पाहिले, आणि श्वासाच्या वाटेचं गणित या सगळ्यांत एकच असतं.

आता बिनाइन या शब्दाबद्दल. पॅथॉलॉजिस्ट मायक्रोस्कोपखाली पेशी पाहतो आणि सांगतो की या पेशी कॅन्सरच्या नाहीत, शरीरात इकडेतिकडे पसरायची शक्यता फार कमी. त्या शब्दाचा अर्थ एवढाच आहे. गाठ कुठे बसली आहे आणि तिथे बसून ती काय करून राहिली आहे हे त्या शब्दात येत नाही. हीच ग्लोमस गाठ जास्त करून सापडते ती बोटाच्या नखाखाली, कारण ज्या बारीक रक्तवाहिन्यांच्या गुंत्यापासून ती होते तो गुंता कातडीत शरीराचं तापमान सांभाळायचं काम करतो. नखाखाली झाली तर माणूस ठणक्याने हैराण होतो पण जिवाला काही धोका नसतो. तीच गाठ, त्याच पेशी, श्वासनलिकेत झाल्या की जिवाशी खेळ. मोठ्या माणसांत श्वासनलिकेत उगवणाऱ्या गाठी बहुतेक कॅन्सरच्याच निघतात, लहान मुलांत उलट असतं, तेव्हा तुमच्या आईच्या बाबतीत बिनाइन निघाली ही खरोखर चांगली बातमी आहे, फक्त ती अर्धी बातमी आहे.

दुसरी अर्धी नळीच्या मापात आहे. श्वासनलिका साधारण ११ सेंटिमीटर लांब, आतून दोन सेंटिमीटरच्या आसपास रुंद, बायकांची जरा कमी. म्हणजे वाट बरीच बुजेपर्यंत माणसाला काही कळतही नाही, घरातल्या घरात वावरणाऱ्या बाईला तर नाहीच नाही. साधारण ८ मिलिमीटरपर्यंत आली की जिना चढताना, पाण्याची बादली उचलताना दम लागायला लागतो. ५ मिलिमीटरपर्यंत आली की बसल्या जागी आवाज येतो. आणि हे कमी होणं सरळ हिशोबाने जात नाही हे घरच्यांना नीट समजावून सांगा. नळी अर्धी झाली की हवेला होणारा अडथळा दुप्पट नाही, सोळा पट किंवा त्याहून जास्त वाढतो. म्हणून १२ वरून ८ वर येताना वर्ष निघून जातं आणि पेशंट सांगतो की तसं बरं आहे, पण ६ वरून ४ वर यायला एखादी सर्दी, आतली थोडी सूज, अर्धा चमचा चिकट बेडका किंवा गाठीतून आलेलं थोडं रक्त पुरतं. मे महिन्यात नागपूर-भंडाऱ्याची हवा कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. पंचेचाळीस डिग्री, धूळ, त्यात मंडपातली धावपळ, कपडे दागिने पाहुणे, बेडका सुकून घट्ट होतो, आणि आईला लग्नाच्या घरात कोणी बसू देणार आहे का?

तुमच्या बोलण्यात थोडी खंत दिसली की दोन वर्षं वाया गेली, आपलंच दुर्लक्ष झालं. तुमचं दुर्लक्ष नाही झालं. ही गाठ दम्यासारखीच बोलते. आईची गाठ छातीच्या आतल्या भागात आहे, तिथला अडथळा श्वास सोडताना जास्त जाणवतो आणि दम्यातही सूं सूं आवाज श्वास सोडतानाच येतो. साधा एक्सरे बहुतेक वेळा नॉर्मल दिसतो, कारण नळी मणक्याच्या आणि मधल्या सगळ्या सावलीच्या आड असते. स्टेरॉइडने गाठीभोवतीची सूज उतरते, चार दिवस बरं वाटतं, म्हणजे दम्याच्या निदानावर आणखी शिक्का बसतो. थुंकीतून रक्त आलं तर आपल्याकडे टीबीचा विचार पहिला येतो आणि तो यायलाही पाहिजे, फक्त बेडक्याच्या तपासणीत जंतू सापडला नसेल आणि गोळ्यांनी फरक पडत नसेल तर कोणीतरी थांबून पुन्हा विचार करायला हवा होता.

मी माझ्या ज्युनिअर डॉक्टरांना एकच सांगतो, गळ्यावर स्टेथोस्कोप लावा. दम्याचा आवाज दोन्ही फुप्फुसांत पसरलेला असतो, कुठे जाड कुठे बारीक, वेगवेगळ्या सुरांचा. मोठ्या नळीतल्या अडथळ्याचा आवाज एकाच सुराचा असतो आणि तो छातीपेक्षा गळ्यापाशी मोठा ऐकू येतो. माझी पहिली ग्लोमसची पेशंट गडचिरोलीकडची बाई होती. त्या दिवशी आमची लिफ्ट बंद होती म्हणून ती दोन मजले चढून आली आणि ओपीडीच्या दारात उभी राहून भिंतीला हात टेकवला. तिचा श्वास मला माझ्या खुर्चीवर ऐकू आला, कोणीतरी रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकतंय असा, एकच सूर. सोबत सात की आठ पंप होते, प्लास्टिकच्या पिशवीत, सगळे जपून ठेवलेले. मला म्हणाली, "डॉक्टरसाहेब, झोपलं की जीव घाबरा होते, म्हून मी भिंतीले टेकूनच झोपतो." तीन वर्षं ती बाई बसून झोपत होती. मी गळ्यावर स्टेथोस्कोप लावला तेव्हा कानात दुखलं इतका मोठा आवाज होता.

दुसरी सोपी गोष्ट म्हणजे पीएफटी, ती जोरात फुंकायची टेस्ट. सगळे खालचे आकडे पाहतात, ग्राफ कोणी पाहत नाही. दम्यात श्वास सोडतानाची रेघ वर जाऊन खाली येताना आत खोलगट होते. मोठ्या नळीत कायमचा अडथळा असला तर ग्राफ वरून आणि खालून दोन्हीकडून सपाट होतो, चौकोनी डब्यासारखा. अडथळा छातीतला आणि थोडा हलणारा असला तर नुसती श्वास सोडतानाची बाजू सपाट होते. तुमच्या रिपोर्टात ग्राफ पुसट आहे पण वरची बाजू सपाट आहे असं मला तरी दिसतंय. आकड्यांतूनही एक खूण सापडते, पहिल्या सेकंदात सोडलेली हवा मिलिलिटरमध्ये घ्यायची आणि तिला पीक फ्लोच्या आकड्याने भागायचं, (पीक फ्लो म्हणजे फुंकण्याचा सगळ्यात जास्त वेग, तो मिनिटाला किती लिटर असा घ्यायचा) उत्तर १० च्या वर गेलं तर मोठ्या नळीचा संशय घ्यायचा. आईची भागून पाहिली, १४ येते. ही टेस्ट दीड वर्षापूर्वीची आहे, म्हणजे तेव्हाही कागदावर होतं. हे कोणाला दोष द्यायला नाही सांगत, पण हे वाचणाऱ्या कोणाच्या घरी असा पंपाला दाद न देणारा दमा असेल तर त्यांनी तो ग्राफ डॉक्टरांसमोर ठेवून एकदा विचारावं.

आता तुमच्या रिपोर्टांकडे. बायोप्सीच्या वेळी बरंच रक्त गेलं असं तुम्ही लिहिलंय. ग्लोमस गाठ म्हणजे रक्तवाहिन्यांचाच गोळा असतो, सीटीमध्ये शिरेतून कॉन्ट्रास्टचं औषध दिल्यावर ती लख्ख उजळते, तुमच्या आईची उजळली आहे. अशी उजळणारी गाठ, वाट ६ मिलिमीटर, आणि साध्या ओपीडीत बारीक दुर्बिणीतून चिमटा घेणं, हे मी करत नाही. माझ्या त्या गडचिरोलीच्या पेशंटची पहिली बायोप्सी दुसरीकडे अशीच झाली होती आणि ती थोडक्यात वाचली, पाच मिनिटं कोणाला काही दिसत नव्हतं नुसतं रक्त. फुप्फुसाच्या बारीक नळीत पाव वाटी रक्त सांडलं तर दुसऱ्या बाजूने श्वास चालू राहतो, पण मधल्या मुख्य नळीत पर्याय नसतो. तुमच्या आईचं निभावलं, बरं झालं. आता परत तुकडा घ्यायचं कोणी म्हटलं तर ते ऑपरेशन थिएटरमध्येच, सरळ धातूची दुर्बीण हातात तयार ठेवून.

पण परत तुकडा घ्यायची गरज बहुधा पडणार नाही. तुम्ही एवढं करा, पॅथॉलॉजी लॅबमधून स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक दोन्ही मागून घ्या, आणि छातीच्या गाठी नेहमी पाहणाऱ्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून तपासून घ्या. कारण साध्या रंगाच्या स्लाइडवर ग्लोमस आणि कार्सिनॉइड नावाची दुसरी गाठ जुळ्या भावांसारखे दिसतात, दोघांच्याही पेशी गोल, एकसारख्या, मध्ये भरपूर रक्तवाहिन्या. कार्सिनॉइड मंद असतो पण पूर्ण निरुपद्रवी नाही, त्याचं ऑपरेशन जास्त काटेकोर करावं लागतं. फरक कळतो आयएचसीवर, म्हणजे पेशींतले ठरावीक मार्कर रंगवून ओळखायच्या तपासणीवर. ग्लोमसमध्ये एसएमए हा मार्कर पॉझिटिव्ह येतो आणि सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन निगेटिव्ह. कार्सिनॉइडमध्ये ते दोन पॉझिटिव्ह. तुमच्या रिपोर्टात एसएमए पॉझिटिव्ह लिहिलंय पण बाकी दोन केलेच नाहीत असं दिसतंय. तेवढे करून घ्या. पेशी किती वेगाने वाढताहेत, विचित्र आकाराच्या आहेत का हेही लिहून मागा, कारण क्वचित ग्लोमसही वाईट वळणाचा निघतो.

आता दुर्बीण का ऑपरेशन. दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असू शकतात, हे सगळं एका गोष्टीवर ठरतं, गाठीचं मूळ भिंतीत किती खोल गेलंय. शेतात हराळी वरून छाटली की रान मोकळं दिसतं, मुळ्या तशाच राहतात आणि पाऊस पडला की परत हिरवं. नळीच्या आत लोंबणारी गाठ बारीक देठावर असेल तर दुर्बिणीतून देठासकट निघते आणि तिथली जागा भाजली की काम होतं. बूड पसरट असेल तर आतला फुगवटा निघतो पण भिंतीतला भाग राहतो. आणि भिंत ओलांडून बाहेरही वाढली असेल तर दुर्बिणीतून ती कधीच पूर्ण निघणार नाही. म्हणून सीटी बारीक कापांचा हवा, उभ्या आणि आडव्या दोन्ही बाजूंनी जुळवून पाहिलेला, आणि रेडिओलॉजिस्टला स्पष्ट विचारा की भिंतीबाहेर गाठ आहे का आणि अन्ननलिकेशी चिकटली आहे का. तुमच्या रिपोर्टात यावर एक शब्द नाही.

अन्ननलिकेचं का विचारतो ते सांगतो. श्वासनलिकेच्या पुढच्या आणि बाजूच्या भिंतीत कुर्च्यांच्या १८ ते २२ अर्धगोल कड्या असतात, मागची भिंत मात्र नुसत्या मऊ पडद्याची, आणि त्या पडद्याला लागून अन्ननलिका. ग्लोमस गाठ बहुतेक याच मागच्या पडद्यातून उगवते. तिथे लेसर किंवा कॉटरी, म्हणजे विजेने भाजायचं हत्यार, जास्त वेळ टेकवली तर भोक पडून श्वासनलिका आणि अन्ननलिका एक होऊ शकतात, मग गिळलेलं पाणी फुप्फुसात जातं. म्हणजे मूळ पूर्ण जाळायला गेलं तर भोकाची भीती आणि भीतीने कमी जाळलं तर गाठ राहायची भीती. मागच्या भिंतीच्या पसरट गाठीसाठी माझा कल शेवटी कापून जोडण्याकडे जातो तो यामुळे.

यात माझीही एक चूक आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका तरुण मुलाची, ग्लोमस नव्हे पण अशीच एक साधी गाठ, मी दुर्बिणीतून काढली. बूड पसरट होतं हे मला दिसलं होतं. पण मुलगा तिसऱ्या दिवशी चालत घरी गेला, श्वास एकदम मोकळा, घरचे पाया पडले, आणि मी पुढच्या ऑपरेशनचा विषय पाहिजे तसा लावून धरला नाही. दुर्बीण तपासायला तो सहा महिने आला मग आला नाही. तीन वर्षांनी आला तेव्हा गाठ त्याच जागी, आधीपेक्षा मोठी, आणि या वेळी नळी जास्त लांब कापावी लागली. तो ठीक आहे, पण तेव्हापासून मी पेशंटला दुर्बिणीनंतर घरी सोडायच्या आधीच पुढचं सगळं लिहून देतो.

तर तुमच्या आईसाठी मी असं करीन. पहिल्या पायरीला, येत्या काही दिवसांत, पूर्ण भूल देऊन धातूच्या सरळ दुर्बिणीतून आतला फुगवटा काढून वाट मोकळी करायची. या दुर्बिणीचा फायदा असा की ती स्वतःच श्वासाची नळी आहे, तिच्यातून ऑक्सिजन देता येतो, रक्त ओढता येतं, आणि रक्त आलंच तर तिच्या टोकाने दाबूनही धरता येतं. कॉटरी किंवा लेसर चालू असताना ऑक्सिजन ४० टक्क्यांच्या खाली ठेवावा लागतो, नाहीतर नळीत आग लागू शकते, आणि ६ मिलिमीटरच्या पेशंटला ऑक्सिजन कमी करणं सोपं नसतं, म्हणून सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघं एकमेकांशी सतत बोलत हे काम करतात. माझ्या मते या पायरीला सर्जनपेक्षा भूलतज्ज्ञ महत्त्वाचा. त्याने अशा केस केलेल्या असाव्यात, त्याला माहीत असावं की दुर्बीण गाठीपलीकडे जाईपर्यंत पेशंटचा स्वतःचा श्वास चालू ठेवायचा, अंग सैल करायचं इंजेक्शन घाईने द्यायचं नाही. तुमच्या जागी मी डॉक्टरांना तोंडावर विचारीन, भूल कोण देणार आणि त्यांनी अशा किती दिल्या आहेत. यात उद्धटपणा नाही, चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही.

तेव्हाच बूड डोळ्यांनी दिसतं, आणि फाट्यापासून, म्हणजे नळी जिथे दोन फुप्फुसांत फाटते तिथपासून, ते किती वर आहे हे मोजता येतं. आईची गाठ सीटीप्रमाणे फाट्यापासून तीन सेंटिमीटर वर आहे, हे नशीब, फाट्यावर असती तर ऑपरेशन बरंच अवघड झालं असतं.

दुसरी पायरी काही आठवड्यांनी, बूड पसरट असेल किंवा भिंतीबाहेर वाढ असेल तर. खालच्या भागासाठी उजव्या बाजूने फासळ्यांमधून छाती उघडतात, वरच्या भागातली असती तर गळ्यातूनच झालं असतं. गाठ १८ मिलिमीटर, म्हणजे दोन्हीकडची चांगली कड धरून अडीच ते तीन सेंटिमीटर नळी जाईल. मोठ्या माणसात साधारण चार-पाच सेंटिमीटर, बेताने सोडवून घेतलं तर जवळपास अर्धी नळीही कापून जोडता येते, तेव्हा लांबीची काळजी नको. नळी कापल्यावर पेशंट श्वास कसा घेतो हा प्रश्न सगळे विचारतात. खालच्या कापलेल्या तोंडात सर्जन निर्जंतुक नळी घालतो, टाके घालायच्या वेळी ती काढतो, परत घालतो, असं मधूनमधून. कडा त्याच वेळी फ्रोझन सेक्शनला, म्हणजे गोठवून लगेच करायच्या तपासणीला पाठवून गाठ राहिली नाही ना ते बघतात. आणि पेशंटला शक्य तेव्हा टेबलावरच जागं करून श्वासासाठी घातलेली नळी काढायची, ताज्या जोडावर व्हेंटिलेटरचं प्रेशर नको म्हणून.

त्यानंतरची एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर घाबराल. जोडावर ताण येऊ नये म्हणून हनुवटी छातीच्या कातडीला जाड टाक्याने बांधून ठेवतात, पाच ते सात दिवस. पेशंट मान खाली घालून बसलेला दिसतो. त्या गडचिरोलीच्या बाईची मुलगी पहिल्या दिवशी आयसीयूत रडलीच, आईला शिक्षा केल्यासारखं वाटलं तिला. दुसऱ्या दिवशी तीच मुलगी समोर खाली स्टूलवर बसून, चमचा खालून वर नेत, आईला मुगाची पातळ खिचडी भरवत होती, म्हणजे आईला मान वर करावीच लागू नये. सातव्या दिवशी टाका काढला, दुर्बिणीतून जोड पाहिला, गुलाबी, स्वच्छ. त्या रात्री ती आडवी झोपली. सिस्टरने मला फोन करून सांगितलं की डॉक्टर, पेशंट पाय पसरून झोपली आहे.

सगळं असंच होतं असं नाही. जोडावर जादा मांस वाढून वाट परत बारीक होऊ शकते, आवाजाची नस दुखावली तर आवाज बसतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे जोड उसवतो. तो उसवण्याची शक्यता शुगर असलेल्यांत, मान-पाठ आखडलेल्यांत आणि स्टेरॉइड चालू असलेल्यांत वाढते. इथे तुमच्या आईचा मुद्दा येतो, दोन वर्षं अधूनमधून स्टेरॉइड चालू आहे. ऑपरेशनआधी ते हळूहळू कमी करून बंद करावं लागेल, आणि हे स्वतःच्या मनाने एकदम बंद करायचं नाही, शरीराला सवय लागलेली असते, झटका बसतो. पहिल्या पायरीने वाट मोकळी झाली की स्टेरॉइड उतरवायला आपल्याला तेवढे आठवडे मिळतात, दोन पायऱ्या करण्यामागे माझं हेही एक कारण आहे.

बारीक देठाची निघाली तर दुसरी पायरी लागणारच नाही. मग दुर्बिणीने पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि पुढे काही वर्षं वर्षातून एकदा पाहायचं, बरं वाटत असलं तरी. वय ७५ असतं, हृदय कमजोर असतं, तर पसरट बुडालाही मी दुर्बिणीवरच भागवलं असतं. ४८ वर्षांच्या धडधाकट बाईला मात्र पुढची तीस वर्षं जगायची आहेत.

मुंबईला न्यावं का हेही विचारलंय. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही दोन सरकारी हॉस्पिटलं, मिहानमधलं एम्स आणि धंतोली-रामदासपेठेतली मोठी हॉस्पिटलं आहेत, तेव्हा इथे होणारच नाही असं समजून निघू नका. जिथे जाल तिथे विचारा, धातूची दुर्बीण आठवड्यात किती वेळा वापरली जाते, श्वासनलिका कापून जोडायचं ऑपरेशन कोणी केलंय. दुसऱ्या पायरीसाठी मुंबई-पुण्यात जास्त अनुभवी हात मिळत असेल तर अवश्य जा, मी स्वतः पेशंट पाठवलेत. पण पहिली पायरी इथेच होऊ द्या. ६ मिलिमीटरची वाट घेऊन रात्रभर विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बर्थवर आडवं पडणं किंवा समृद्धीवरून ७०१ किलोमीटर गाडीत जाणं मला पटत नाही, मध्येच बेडका अडकला तर तिथे कोण आहे? खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले योजनेत हे बसतं का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड दाखवून आधीच विचारून घ्या, ऑपरेशन झाल्यावर नाही.

तारीख मिळेपर्यंत आईला पाठीला दोन-तीन उशा लावून उंच झोपवा, सपाट नको. झोपेची गोळी किंवा खोकला दाबणारं औषध देऊ नका, बेडका बाहेर यायला पाहिजे. पाणी भरपूर, वाफ चालेल. सीटीचा रिपोर्ट घरातल्या तिघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. बसल्या जागी आवाज यायला लागला, पूर्ण वाक्य बोलता येईना, किंवा चमचाभर जरी ताजं रक्त पडलं तर जवळच्या क्लिनिकमध्ये वेळ घालवू नका, तिथे पुन्हा दम्याचं नेब्युलायझेशन लावून बसवतील. सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत आणा, आईला बसूनच आणा, आणि डॉक्टर दिसले की दम्याचा पेशंट म्हणू नका, पहिलं वाक्य हे म्हणा, "श्वासनलिकेत गाठ आहे, वाट सहा मिलिमीटर आहे, भूलतज्ज्ञांना बोलवा."